सहाव्या खोबणीचं वय

आमच्या याखिमोवमध्ये, जर्मन सीमेजवळच्या या युरेनियमच्या खाणगावात, पिवळं म्हणजे घाण. खाणीच्या भिंतीवर पिवळं चढलं की ते खरवडायचं, धुवायचं, वरून चुन्याचा हात मारायचा. बाप तसं करायचा, आजा तसं करायचा, आणि का करायचं असं कुणी विचारलंच तर त्याच्याकडे वेड्यासारखं बघायचं. आर्नोश्त झेट्ल या कामात सगळ्यांच्या वरताण. कोर्दुला खाण बंद पडून साठ वर्षं होत आली, पण तिच्या वरच्या बोगद्याची किल्ली ब्याण्णव सालापासून त्याच्याकडे. दर एप्रिलला, बघे यायला लागायच्या आत, हा माणूस तारेचा ब्रश आणि व्हिनेगरची बादली घेऊन आत शिरायचा आणि दोनशे मीटर भिंत घासून लख्ख करायचा. शहात्तराव्या वर्षीही. गुडघे कुरकुरायचे, ब्रश थांबायचा नाही.

त्यामुळे दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात राजधानी प्राहाहून रादका नावाची खनिजांची डॉक्टरीण आली आणि ती स्वच्छ भिंत बघून तिने कपाळावर हात मारला, तेव्हा आर्नोश्तला काही कळेचना.

"हे कुणी घासलं?"

"मी." त्याला वाटलं, आता बाई कौतुक करणार.

"कशाने?"

"तारेच्या ब्रशाने. व्हिनेगर घालून. डाग राहत नाही."

"अहो काका, काय केलंत हे! जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही असलं उगवतं तुमच्या भिंतीवर, आणि तुम्ही ते बादलीत घालून गटारात ओतता? तुरुंगात टाकायला पाहिजे तुम्हाला!"

ती हसत म्हणाली होती. आर्नोश्त हसला नाही.

"आमच्या घरात एकाने भोगलाय तुरुंग," तो म्हणाला. "नऊ वर्षं. तेवढा पुरे झाला."

आता हे काय प्रकरण होतं ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण रादकाला बाहेरची म्हणून सांगावं लागलं. आर्नोश्तचा बाप रुडॉल्फ. युद्धानंतर इथल्या जर्मनांना गाड्यांत भरून सीमेपलीकडे धाडलं, तेव्हा खाणीला लागणारे थोडे ठेवून घेतले, त्यांतला तो एक. खाणीतला सुतार. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत खोबणी कोरायच्या, त्यांत आडवी तुळई बसवायची, पाचर ठोकून ती आवळायची, म्हणजे छत डोक्यावर येत नाही. त्रेपन्नच्या नोव्हेंबरात कोर्दुलाच्या वरच्या बोगद्याच्या टोकाला छत आलं. चार माणसं गेली. तिघे खाणीत राबायला आणलेले कैदी होते, चौथा मुकादम मातेय बोचेक. ढिगारा उपसला तर एकही तुळई मिळाली नाही. झालं! सुताराने तुळया लावल्याच नाहीत. जर्मन आहे, मुद्दाम केलं. रुडॉल्फ एकच वाक्य बोलत राहिला: "सोमवारी सहा तुळया बसवल्या, गुरुवारी त्या तिथे नव्हत्या." कोण ऐकतो?

त्याच महिन्यात बोगद्याच्या तोंडाला विटांची भिंत घातली गेली. चौसष्ट साली ती फोडून मजुरांची एक टोळी आत गेली, टोक कायमचं बुजवून आली, आणि खाण बंद झाली. टोकापाशी भिंतीत एका रांगेत सहा खोबणी आहेत, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत. पण गाव म्हणतं, त्या चौसष्टच्या टोळीने कोरल्या. बुजवायच्या कामाला त्यांनाही आधार लागलाच असेल की.

"आणि तुम्ही काय म्हणता?" रादकाने विचारलं.

आर्नोश्तने बादली उचलली, परत खाली ठेवली. "मी काय म्हणणार? किल्ली मिळाली त्या वर्षी पहिल्यांदा त्या सहा खोबणी बघितल्या. छाती अशी धडधडली म्हणून सांगू! धावत गेलो त्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याकडे. तो म्हणतो, आम्हीच कोरल्या असतील, कोण लक्षात ठेवतो. बास. परत आलो आणि त्या खोबणीसुद्धा घासून टाकल्या. त्या टोकाला बघे जात नाहीत, घासायची गरज नव्हती. तरी घासल्या. रागाने घासल्या."

हे एवढंच त्याने सांगितलं. जे नाही सांगितलं ते जास्त होतं. बाप सुटून आला तेव्हा आर्नोश्त पंधरा वर्षांचा होता. शाळेत मागच्या बाकावर एकटा बसणारा, सुताराचा पोर, चौघांना मारणाऱ्याचा पोर. अठराव्या वर्षी खाणीच्या शिक्षणाचा अर्ज आडनाव बघूनच परत आला, तेव्हा लसणाच्या सूपची वाटी पुढे ठेवून त्याने बापाला सरळ विचारलं. बाप म्हणाला, "सहा लावल्या होत्या रे." आणि आर्नोश्त हसून म्हणाला, "हो का? मग पाय फुटले वाटतं त्यांना." त्यानंतर तीन वर्षं तो जगला, खोकत खोकत, आणि या विषयावर पोराशी अवाक्षर बोलला नाही. आर्नोश्तने जन्मभर गावातल्या स्नानगृहांचा बॉयलर सांभाळला.

आणि समोरच्या घरात व्लास्ता. मुकादम बोचेकची मुलगी, आर्नोश्तहून वर्षाने मोठी. सत्तर वर्षं गल्ली एक, पाव घ्यायची बेकरी एक, पण हिने याच्या "नमस्कार"ला कधी उत्तर दिलं नाही. उलट बेकरीत याला ऐकू जाईल असं म्हणायची, "घासतोय बघा बोगदा. बापाची घाण पोराने नाही काढायची तर कोणी?" चार डिसेंबरला, खाणकामगारांना सांभाळणाऱ्या संत बार्बोराच्या दिवशी, खाणीच्या तोंडाशी त्या चौघांच्या नावाच्या पाटीपुढे सगळे जमतात, मेणबत्त्या लावतात. ती पाटी तीन तारखेला घासूनपुसून ठेवणारा आर्नोश्त चार तारखेला घरात बसतो.

तर त्या दिवशी रादका त्याला घेऊन टोकापर्यंत गेली. तोंडाला मास्क, छातीवर किरणं मोजायचा बिल्ला, आणि वीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही असा तिचा दम. सहा खोबणींपैकी पाच रिकाम्या. सहावीत लाकूड होतं, तुळई ओढून काढताना मोडून अर्धी आत राहिलेली पाचर.

"दिवे घालवा," ती म्हणाली. तिने जांभळट उजेडाची छोटी बॅटरी लावली.

आर्नोश्त पन्नासेक वेळा तरी त्या जागी उभा राहिला असेल. आणि त्याला आज पहिल्यांदा दिसलं की ती भिंत जागी आहे. फटीफटींतून हिरवा उजेड सांडत होता, कच्च्या सफरचंदासारखा, थंड, न हलणारा. छताच्या एका चिरेतून ओघळ खाली आला होता तो पुरुषभर उंचीचा हिरवा विजेचा लोळ. मध्ये मध्ये पिवळे ठिपके मंद जळत होते. त्याने नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"आई गं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

"भिंत जिवंत आहे असं वाटतं ना काका? मला पण दर वेळी असंच होतं," रादका म्हणाली. "हे खाण खणली तेव्हा नव्हतं बरं. मूळ धातू काळा, खडकात दाबलेला, पंचवीस कोटी वर्षांचा म्हातारा. माणसांनी बोगदा पाडला, हवा आत आली, पाणी आत आलं, आणि त्या काळ्यातलं युरेनियम पाण्यात उतरून चालायला लागलं. जिथे पाणी सुकतं तिथे ते बसतं. पिवळं होऊन, हिरवं होऊन. माणसं खाण सोडून गेली की मग दगड कामाला लागतो."

"म्हणजे हे अजून होतंय? आत्ता?"

"आत्ता. आपण बोलतोय तोवर."

आर्नोश्तने एक पाऊल मागे घेतलं. तीस वर्षं ज्याला घाण म्हणून ब्रश मारला ते त्याच्या पाठीमागे परत परत जन्माला येत होतं, आणि याला पत्ता नाही!

"आणि गंमत ऐका," ती म्हणाली. "युरेनियम झिजून त्याचं थोरियम होतं. फार सावकाश, पण ठरलेल्या चालीने. उन्हाळा-हिवाळा, राजा-सरकार, कशानेही ती चाल बदलत नाही. आणि थोरियमला पाण्यातून चालता येत नाही. म्हणून हा पिवळा खडा बसतो त्या क्षणी त्याच्यात युरेनियम भरपूर आणि थोरियम शून्य. पुढे आत जेवढं थोरियम सापडेल तेवढं त्याचं वय. मी तेच मोजते. अणू मोजते."

आर्नोश्तने जवळच्या खोबणीकडे बोट केलं. मग विचारलं, "खोबणीत जे पिवळं बसलंय, त्याचं वय कळलं तर खोबण कधीची ते कळेल?"

"निदान कधीपासून आहे ते कळेल. खोबण कोरल्याशिवाय तिच्यात काही बसणार कसं?"

तिने पाच खोबणींतून मोहरीएवढे कण घेतले. सहावीकडे हात नेला तेव्हा आर्नोश्तने तिचं मनगट धरलं. "पाचरीला नाही. दुसऱ्या सुताराने ठोकलेली पाचर उपटायची नसते. खाण साठ वर्षं बंद असली तरी. मी घासताना पण तिला हात लावला नव्हता."

"अहो, पण..."

"नाही म्हणजे नाही, डॉक्टरीणबाई."

आमच्याकडे हे असंच आहे. पाचर उपटली की सुताराचा जीव गेला, असं मानतात. रादका हिरमुसली, पण तिने हात मागे घेतला.

सप्टेंबरात ती परत आली. बॉयलरघराच्या बाकावर दोघं बसले, त्याने खसखशीचे बन आणले होते. "पाचही खोबणींचं एकच उत्तर," ती म्हणाली. "एकतीस वर्षं. फार तर एक वर्ष इकडेतिकडे."

आर्नोश्तच्या हातातला बन खाली पडला.

"ब्याण्णव," तो म्हणाला.

"हो, ब्याण्णव. का? काय झालं ब्याण्णवला?"

"मी घासलं."

रादकाच्या लक्षात आलं आणि तिचेही डोळे मोठे झाले. त्याने साल तिला कधी सांगितलंच नव्हतं. किल्ली मिळाली त्या वर्षी, एवढंच म्हणाला होता. एका अंधाऱ्या बोगद्यात, कुणी बघत नसताना, एका माणसाने रागाने फिरवलेला ब्रश, आणि तो कुठल्या वर्षी फिरवला ते दगडाने अचूक सांगितलं. आपल्यावर इतकी वर्षं कुणीतरी नजर ठेवून होतं, रागावलं नाही, बोललं नाही, नुसतं मोजत राहिलं, असं आर्नोश्तला वाटलं. आणि लगेच दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. पुरावा असलाच तर तो त्या भिंतीवर होता, आणि त्याने स्वतःच्या हाताने, व्हिनेगर घालून, तो धुऊन काढला होता. बापाला बाहेरच्यांनी एकदा बुडवलं होतं, घरच्याने दुसऱ्यांदा.

"काका," रादका हळूच म्हणाली, "सहावी राहिलीय."

"लाकूड बघून नाही कळणार?"

"झाड कधी तोडलं ते कळेल. पाचर कधी ठोकली ते नाही. ते पिवळंच सांगेल."

त्याने तीन दिवस मागून घेतले. हातात ब्रश धरला नाही. त्याला भीती कशाची होती ते मी सांगतो. आजपर्यंत निदान शंका तरी होती. बाप खरं बोलला असेल, या एका 'असेल'वर तो रात्री झोपत आला होता. दगडाने चौसष्ट म्हटलं की ते 'असेल'ही गेलं. दगड आडनाव बघून बोलत नाही, हे त्याने आता अनुभवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तो आपली जुनी पहार घेऊन बोगद्याच्या दाराशी उभा होता.

"मी काढतो," तो म्हणाला. "कुणाचा जीव जायचा तर माझ्या हाताने जाऊ दे."

पाचर सहज येईना. तिला आणि खडकाला मिळून पिवळ्याने धरून ठेवलं होतं. शेवटी ती कुरकुरत बाहेर आली आणि रादकाने बॅटरी मारली. थर जाड होता, करंगळीच्या नखाएवढा, पाकळ्यांवर पाकळ्या रचल्यासारखा, अर्धा लाकडावर आणि अर्धा दगडावर. फाटला तिथे दोन्ही बाजूंना एकाच रेषेचे दोन काठ जुळत होते. म्हणजे पाचर ठोकल्यावरच तो वाढला, दोघांना एकदमच कवेत घेऊन. मागची खोबण कोरडी ठणठणीत, त्यामुळे काही विरघळून गेलं नव्हतं. लाकडाच्या डोक्यावर हातोड्याचे घाव अजून दिसत होते. आर्नोश्तने त्यांवरून अंगठा फिरवला आणि पाठ वळवून उभा राहिला. रादकाने सगळ्यांत तळच्या थरातले तीन कण तीन बाटल्यांत भरले.

हिवाळा आला, गेला. चार डिसेंबरला पाटीपुढे मेणबत्त्या लागल्या, आर्नोश्त घरात बसला. मार्चमध्ये एका दुपारी टेलिफोन वाजला.

"काका, बसलेले आहात ना?"

"उभा आहे. बोला."

"तिन्ही कण वेगवेगळे मोजले. तळचा थर एकाहत्तर वर्षांचा. दोन वर्षं इकडेतिकडे."

आर्नोश्त बोटांवर मोजायला लागला आणि मोजता मोजता चुकायला लागला. रादकानेच मोजून दिलं. "कण काढले तेवीसला. म्हणजे बावन्न. अगदी ताणून धरलं तरी चोपन्न. आणि त्रेपन्नच्या नोव्हेंबरपासून चौसष्टपर्यंत बोगद्याला विटांची भिंत होती, आत चिटपाखरू गेलं नाही. ती पाचर अपघाताच्या आधीची आहे काका. तुळया होत्या. तुमच्या वडिलांनी लावल्या होत्या."

त्याने फोन कधी ठेवला ते त्याला आठवत नाही. तो कोट न घालताच गल्ली ओलांडून गेला आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा बोचेकांच्या दारावर थाप मारली. हिला सांगायचं, हिच्या तोंडावर सांगायचं, आणि मग हिने काय ते बोलून दाखवावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

व्लास्ताने दार उघडलं. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, उकडायच्या गोळ्यांची कणीक मळत होती.

"तुळया होत्या," आर्नोश्त उंबऱ्यातूनच म्हणाला. "सहा. दगडाने सांगितलं. प्राहाच्या बाईने मोजलं, तीन वेळा मोजलं. माझ्या बापाने लावल्या होत्या. ऐकतेस का तू?"

त्याला वाटलं, आता हसेल, दगड बोलला म्हणतो म्हणून गल्ली गोळा करेल. व्लास्ताने काहीच विचारलं नाही. दगडाला कसं कळलं हेसुद्धा नाही. ती मागे सरकली, खुर्चीवर बसली, आणि पिठाचे हात मांडीवर तसेच पालथे ठेवले.

"आत ये," ती म्हणाली. "दार लावून घे. थंडी येते."

तो आत गेला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"बुधवारी संध्याकाळी बाबा घरी आले ते खुशीत होते. आईला म्हणाले, खालच्या बोगद्याला लाकूड कमी पडत होतं, महिन्याचा ठरलेला माल निघत नव्हता, मग वरच्या सहा तुळया काढून खाली धाडल्या, सोमवारी नवीन लाकूड आलं की लावू. मी चुलीपाशी बसले होते, सात वर्षांची. गुरुवारी बाबा गेले. आईने मला क्रूसासमोर उभं करून शपथ घातली. म्हणाली, हे बाहेर गेलं तर आपल्याला भाकर मिळायची नाही, आणि बाबांचं नाव पाटीवरून पुसतील." तिने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. "तुला वाटायचं, तुझ्या बापाच्या रागाने मी मान फिरवते. राग कसला रे! तो खोकत गल्लीतून जायचा ते मी खिडकीतून बघायची. बघवायचं नाही. म्हणून मग तोंड सोडायची. तुला टोचून बोललं की तेवढ्यापुरतं मलाच खरं वाटायचं."

आर्नोश्त उभा होता. नऊ वर्षं तुरुंग. मागचा बाक. परत आलेला अर्ज. या सगळ्याचं उत्तर समोरच्या घरात, वीस पावलांवर, चुलीपाशी बसलेलं होतं. तिच्या अंगावर धावून जावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं.

"शिव्या दे मला," व्लास्ता म्हणाली. "दे ना. हक्क आहे तुझा."

त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.

"तू सात वर्षांची होतीस," तो म्हणाला. "तुला शपथ घातली होती. मी अठरा वर्षांचा होतो, व्लास्ता, आणि मला कुणी काही घातलं नव्हतं. त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला, पोटच्या पोराला. आणि मी हसलो."